महाविद्यालयातली लवचीक वर्गखोली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाविद्यालयांच्या वर्गखोल्या, अभ्यासिका आणि ग्रंथालयं आतून नव्याने मांडायचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. प्राचार्य, विभागप्रमुख, संस्थेचे विश्वस्त, कधी विद्यार्थी प्रतिनिधीसुद्धा तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. मापं आणि हिशेब मुद्दाम दिले आहेत, म्हणजे तुमची खोली टेपने मोजून लगेच ताडून बघता येईल.

लवचीक वर्गखोली म्हणजे नेमकं काय?

दोन तासांच्या मधल्या पाच मिनिटांत, आत बसणाऱ्या मुलामुलींना स्वतःच्या हाताने जिची मांडणी बदलता येते ती खोली लवचीक. शिपायाला हाक मारावी लागली, किल्ली मागावी लागली किंवा चौघांनी मिळून एक बाक उचलावं लागलं, तर ती लवचीक नाही, मग फर्निचर कितीही महागाचं असो. पुढच्या सगळ्या उत्तरांत मी हीच कसोटी लावली आहे: पाच मिनिटं, आणि कुणाची परवानगी नको.

बऱ्याच ठिकाणी या शब्दाचा अर्थ रंगीत खुर्च्या, बीनबॅग आणि भिंतीवर इंग्रजी सुविचार असा घेतला जातो. उद्घाटनाचे फोटो छान येतात. दिवाळीपर्यंत बीनबॅग फाटलेल्या असतात आणि खुर्च्या पुन्हा रांगेत लागलेल्या असतात.

ही सगळी परदेशी कल्पना नाही का? आपल्याकडे चालेल का?

आपली जुनी घरं आठवून बघा. एकाच माजघरात सकाळी निवडणं-टिपणं, दुपारी पंगत, संध्याकाळी परवचा आणि रात्री अंथरुणं. पाट भिंतीला उभे केले, सतरंजी गुंडाळली की खोली मोकळी. ओसरीवर हिशेब व्हायचे, पाहुणे टेकायचे, मुलं धडे म्हणायची. एका जागेची अनेक कामं करून घेणं आपल्याला नवीन नाही. कॉलेजात मात्र आपण बाकं एका दिशेला तोंड करून मांडली आणि तिथेच थांबलो.

शिक्षणसंस्थांतही दाखले आहेत. चित्रकला महाविद्यालयात ज्याला ‘डाँकी’ म्हणतात ते घोड्यासारखं लाकडी आसन बघा. मॉडेल मध्ये बसतं आणि मुलं आपापली डाँकी ओढून हव्या त्या कोनात बसतात. मूळचे पुण्याचे बाळकृष्ण दोशी यांनी अहमदाबादला वास्तुकलेच्या शाळेची इमारत केली, तीच आजच्या सेप्ट विद्यापीठाची मूळ वास्तू. तिथे विटांच्या भिंतींमध्ये उत्तरेचा उजेड घेणारे मोकळे स्टुडिओ आहेत. इमारतीखालच्या उघड्या जागेत कधी प्रदर्शन भरतं, कधी परीक्षक चित्रं तपासतात, कधी नुसत्या गप्पा रंगतात. कुठल्या जागेत काय चालावं हे तिथे दारावरच्या पाटीने ठरत नाही.

बाहेरचं काय घेण्यासारखं आहे, तर मोजमाप. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात रॉबर्ट बाइशनर यांनी १९९०च्या दशकात भौतिकशास्त्राचे मोठे वर्ग सात फूट व्यासाच्या गोल टेबलांवर आणले. एका टेबलावर नऊजण, म्हणजे तिघांचे तीन गट. पुढे तिथल्याच एमआयटी या तंत्रविद्यापीठाने त्याच धर्तीवर १३ टेबलांची, ११७ विद्यार्थ्यांची खोली केली. आपण ती टेबलं जशीच्या तशी उचलून आणू नयेत असं माझं ठाम मत आहे. सात फुटी गोल टेबल एकदा ठेवलं की हलत नाही. रांगेच्या बाकाइतकंच तेही जागेला खिळलेलं असतं.

आमची खोली ६६ चौरस मीटर आणि वर्ग ६०चा. एवढ्या जागेत कसं जमवायचं?

सगळ्यात खरी अडचण हीच आहे. तंत्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या एआयसीटीई या केंद्रीय परिषदेच्या निकषांत वर्गखोलीसाठी ६६ चौरस मीटर आणि ट्युटोरियलच्या खोलीसाठी ३३ चौरस मीटर असं माप अनेक वर्षं राहिलं. राज्यातल्या असंख्य इमारती त्याच मापाने उभ्या आहेत. ६६ भागिले ६०, म्हणजे माणशी १.१ चौरस मीटर. तेवढ्यात बाकांच्या रांगा बसतात, दुसरं काही बसत नाही. एमआयटीच्या त्या खोलीत माणशी साधारण २.४ चौरस मीटर जागा आहे.

मधला रस्ता आहे. माणशी १.८ चौरस मीटर धरलं तर तुमच्या खोलीत ३६ विद्यार्थी नीट बसतात: १८ जोडटेबलं, चार-चारचे नऊ गट आणि फिरायला वाट. उरलेल्या २४ जणांचं काय, हा प्रश्न वेळापत्रकाचा आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर ऐच्छिक विषय वाढले आणि तुकड्यांचे आकार मुळातच कमीजास्त झाले. कुठे ७०, कुठे १८. लहान तुकड्या आणि ट्युटोरियल या खोलीत आणा, ६०चं व्याख्यान दुसऱ्या खोलीत ठेवा. सगळ्याच खोल्या लवचीक करायची गरज नाही. एका मजल्यावर एक किंवा दोन पुरतात.

६०च्या ६० याच खोलीत बसवा आणि गटही करा, असं कुणी म्हणालं तर मी स्पष्ट नाही म्हणतो. टेबलांमधून वाट राहिली नाही की शिक्षक मागच्या गटापर्यंत पोहोचतच नाही, आणि पुन्हा फळ्यापाशी उभं राहून शिकवणं सुरू होतं.

सुरुवात कुठून करावी?

काही विकत घ्यायच्या आधी एक आठवडा नुसतं बघा. मुलं कुठल्या भिंतीला टेकून बसतात, कुठला प्लग सतत अडवलेला असतो, तास संपल्यावर खोलीत कोण रेंगाळतं, कोणत्या खिडकीतून दुपारी ऊन थेट वहीवर येतं. एका वहीत नोंद ठेवा. आराखड्यात ही वही नव्या फर्निचरच्या कॅटलॉगपेक्षा जास्त उपयोगी पडते.

नंतर पहिलं काम: शिक्षकाचा प्लॅटफॉर्म काढा. सहा इंचांचा तो लाकडी किंवा सिमेंटचा चौथरा खोलीची एक बाजू कायमची ‘पुढची’ करून टाकतो. चाकाची खुर्ची वापरणाऱ्या प्राध्यापकाला किंवा विद्यार्थ्याला तिथे जाता येत नाही, टेबलं तिथपर्यंत सरकत नाहीत, आणि चार-पाच चौरस मीटर जागा अडते ती वेगळीच. तो निघाला की खोली एकदम मोठी वाटायला लागते.

टेबलं कोणती घ्यावीत?

१२०० बाय ६०० मिलिमीटरचं साधं आयताकृती टेबल. दोघांना पुरतं, प्रत्येकाला ६०० मिलिमीटर. दोन टेबलं लांबीच्या बाजूने चिकटवली की १२०० बाय १२०० चा चौरस होतो, चौघांचा गट. तीन-चार टेबलं एका ओळीत लावली की चर्चेचं लांब टेबल. भिंतीला लावली की मधला भाग सादरीकरणाला मोकळा.

समलंब आकाराची, फुलाच्या पाकळ्यांसारखी जुळणारी टेबलं चित्रात सुंदर दिसतात. ती रांगेत नीट लागत नाहीत, कोपऱ्यात बसत नाहीत आणि एक जरी मोडलं तरी फूल अपुरं राहतं. मी ती सुचवत नाही.

टेबलाला चाकं हवीत, त्यातली निदान दोन पायाने लॉक होणारी. वरची फळी उभी करून टेबलं एकात एक सरकवता येतात तसा प्रकार परवडत असेल तर जरूर घ्या. दहा टेबलं अडीच ते तीन मीटर लांबीत मावतात. समोरच्या बाजूला एक आडवी पट्टी मागून घ्या, पाय झाकण्यापुरती. गोलात बसायचं म्हटलं की उघड्या टेबलामागे बऱ्याच मुली अवघडतात. हे त्या आपणहून सांगत नाहीत, आणि खरेदी समितीत बहुधा पुरुषच असल्यामुळे तिथेही कुणाच्या लक्षात येत नाही.

खुर्च्यांनाही चाकं असावीत का?

नकोत. कारण अगदी साधं आहे. ओढणी आणि पदर चाकात अडकतात. एका कॉलेजात चाकांच्या खुर्च्या आम्ही बसवल्या होत्या आणि पहिल्याच महिन्यात एका प्राध्यापिकेचा पदर चाकात गुंडाळला गेला. त्या पडता पडता वाचल्या. तो निर्णय माझा होता. तेव्हापासून टेबलांना चाकं आणि खुर्च्यांना पाय, हा माझा नियम आहे.

खुर्ची हलकी, एकावर एक रचता येणारी, एका हाताने उचलता येईल अशी घ्या. पायांना रबरी किंवा नायलॉनच्या टोप्या हव्यात, आणि दर वर्षी त्या बदलायला वेगळा डबा भरून ठेवा. टोपी निघालेल्या चार खुर्च्या फरशीवरून ओढल्या की शेजारच्या वर्गातलं शिकवणं थांबतं.

लिहिण्याची फळी जोडलेली खुर्ची शक्यतो टाळा. तिच्यावर वही आणि लॅपटॉप एकत्र मावत नाहीत, आणि डावखुऱ्यांना तीन वर्षं कंबर वळवून लिहावं लागतं. उंच स्टूलही नकोत. साडी नेसून किंवा कुर्ता घालून त्यावर चढ-उतर करणं त्रासाचं असतं, आणि पाय लोंबकळत तासभर बसवत नाही.

जुन्या फरशीवर चाकं चालतील का?

शहाबादी फरशी असेल तर सांधे तपासा. रुंद आणि झिजलेले सांधे असले की लहान चाक त्यात अडकतं, टेबल कलंडतं आणि मुलं ते उचलून ठेवायला लागतात. ७५ मिलिमीटर व्यासाची, रबरासारख्या मऊ कडेची चाकं घेतली आणि सांधे भरून घासून घेतले तर बहुतेक ठिकाणी काम भागतं. मोझेक आणि कोटा नीट पॉलिश केलेले असतील तर काहीच करायला नको. सुंदर जुनी मोझेक झाकून त्यावर व्हिनाईल चिकटवण्याचा आग्रह मी कायम मोडून काढतो.

गटात बोलायला लागले की नुसता गोंगाट होतो. उपाय?

या प्रश्नावर जरा थांबतो, कारण लवचीक खोल्या सगळ्यात जास्त इथेच फसतात, आणि दोष मुलांवर जातो. ‘आमच्या मुलांना शिस्त नाही’, असं ऐकायला मिळतं. दोष छताचा असतो.

१८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाने फॉग कला संग्रहालयातलं नवं व्याख्यानगृह वॉलेस सबाइन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाकडे सोपवलं, कारण तिथे वक्त्याचं बोलणं कुणाला कळतच नव्हतं. रिकाम्या सभागृहात आवाज साडेपाच सेकंद घुमत राहायचा, म्हणजे एक वाक्य संपेपर्यंत आधीचं वाक्य अजून हवेतच. सबाइनने शेजारच्या सँडर्स थिएटरच्या खुर्च्यांवरच्या गाद्या रात्री उचलून आणल्या. थोड्या थोड्या वाढवत तो घुमण्याचा वेळ मोजत गेला. मध्यरात्रीनंतर, कारण तेव्हाच बाहेर शांतता असायची. पहाटे गाद्या परत जागेवर. त्या खटाटोपातून सूत्र निघालं ते आजही वापरतात: घुमण्याचा वेळ (सेकंदांत) म्हणजे खोलीचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले आवाज शोषणारं एकूण क्षेत्रफळ.

तुमच्या खोलीला हे सूत्र लावून बघू. ११ बाय ६ मीटर, उंची ३.६ मीटर. घनफळ सुमारे २३८ घनमीटर. भिंती, छत आणि फरशी मिळून २५४ चौरस मीटर. गिलावा आणि फरशी आवाजाचा जेमतेम तीन टक्के भाग शोषतात, म्हणजे ७.६ चौरस मीटर. हिशेब येतो पाच सेकंदांचा. फॉगच्या सभागृहाच्या जवळपासच! आत ३६ जण बसले की त्यांचे कपडे आणि शरीरं थोडा आवाज पितात आणि वेळ पावणेदोन सेकंदांवर येतो. वर्गासाठी चांगला मानलेला आकडा ०.६ सेकंद आहे.

पावणेदोन सेकंदांच्या खोलीत नऊ गट बोलायला लागले की प्रत्येक गटाला शेजारच्यांचं ऐकू येतं, म्हणून तो आवाज चढवतो, मग शेजारचाही चढवतो. पाच मिनिटांत सगळे ओरडत असतात आणि मुलांनी काही चुकीचं केलेलं नसतं.

आता छताला ४० चौरस मीटर आवाजशोषक फळ्या लावा, पडणाऱ्या आवाजाचा ८० टक्के भाग शोषणाऱ्या. वेळ पाऊण सेकंदाच्या आत येतो. भिंतीवर आणखी पाच-सात चौरस मीटर पिनबोर्ड लावला की चर्चा करण्याजोगी खोली तयार. पंख्यांसाठी जागा सोडावी लागते, म्हणून फळ्या पट्ट्यापट्ट्यांनी लावा. पंखे जुने, खडखडणारे असतील तर तेही बदला. तो आवाज कुठलीही फळी शोषून संपवत नाही.

पैशांअभावी यादीतली एकच गोष्ट ठेवायची असेल तर मी हे छत ठेवतो, आणि टेबलं पुढच्या वर्षी घ्यायला सांगतो.

दोन खोल्यांमध्ये सरकती भिंत घालून हवी तेव्हा मोठी खोली करता येईल का?

येईल, पण मी सहसा सुचवत नाही. चांगली सरकती भिंत महाग आणि जड असते. तिचा वरचा रूळ वाकला की ती एकतर कायमची बंद राहते किंवा कायमची उघडी. आणि नेहमीची चूक म्हणजे ती फॉल्स सीलिंगपर्यंतच नेलेली असते. वरच्या पोकळीतून आवाज आरामात पलीकडे जातो, एका बाजूला तोंडी परीक्षा आणि दुसऱ्या बाजूला टाळ्या. भिंत घालायचीच असेल तर वर स्लॅबपर्यंत बंद करून घ्या.

प्लग कुठे आणि किती?

३६ लॅपटॉप, प्रत्येकी ६५ वॉट धरले तरी एकूण भार २.३ किलोवॉट. वीज फार लागत नाही. अडतं ते प्लगच्या जागेवर.

जमिनीतले झाकणाचे प्लग आपल्याकडे टाळावेत. आपण फरशी ओल्या फडक्याने पुसतो, काही ठिकाणी पाणी ओतूनच धुतो. त्या पेट्यांत पाणी आणि केर जाऊन बसतो. भिंतीवर तिन्ही बाजूंनी, टेबलाच्या उंचीच्या किंचित वर, दर दीड मीटरला दोन प्लग द्या. मधल्या टेबलांसाठी एक मोठा चार्जिंगचा कट्टा भिंतीपाशी ठेवा. मुलं तास सुरू होण्याआधी तिथे चार्ज करून घेतात. सर्किटला ३० मिलीअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की पुरवठा आपोआप तोडणारं स्विच, बसवल्याशिवाय खोली वापरायला देऊ नका. लोंबकळणाऱ्या एक्स्टेन्शन वायरी दिसल्या की समजावं, प्लगचा आराखडा चुकला.

फळा आणि प्रोजेक्टरचं काय करायचं?

खोलीला एकच तोंड नसावं. निदान दोन भिंतींवर लिहिता आलं पाहिजे, शक्य असेल तर तीन. मागून रंग दिलेली काच सगळ्यात टिकाऊ. लिहिण्याजोगं पांढरं लॅमिनेट स्वस्त आणि पुरेसं. भिंतीला मार्करचा रंग मारून घेतात तो वर्षभरात डागाळतो, पुसलेलं गणित भुतासारखं मागे दिसत राहतं.

गणिताच्या विभागाने खडूचा फळा मागितला तर तो द्या. केंब्रिजच्या आयझॅक न्यूटन संस्थेत गणितज्ञांसाठी लिफ्टमध्येसुद्धा फळे लावलेले आहेत. सुचलेलं तिथल्या तिथे लिहिता यावं, एवढाच हेतू.

दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी वेगळी जागा राखून ठेवावी का?

राखीव कोपरा नको. चाकाच्या खुर्चीवरची विद्यार्थिनी कुठल्याही गटात जाऊन बसू शकली पाहिजे, ठरवून दिलेल्या एकाच टेबलाशी नाही. त्यासाठी दारापासून मुख्य वाट ९०० मिलिमीटरपेक्षा कमी नको, आणि कुठेतरी खुर्ची पूर्ण वळवायला १५०० मिलिमीटरचं वर्तुळ मोकळं हवं. १८ पैकी दोन-तीन टेबलं उंची कमीजास्त करता येणारी घ्या आणि ती बाकीच्यांसारखीच दिसू द्या. २०१६च्या दिव्यांगजन हक्क कायद्यानंतर हा मेहेरबानीचा विषय राहिलेला नाही.

अंध विद्यार्थ्यांचा मुद्दा मात्र लवचीक खोलीत खरोखर अवघड आहे, कारण मांडणी रोज बदलते. दारापासून एका भिंतीलगतची वाट कायम मोकळी ठेवायची आणि त्या भिंतीवर काहीही टेकवायचं नाही, हा नियम सगळ्यांनी पाळला तर त्यांना तेवढा एक भरवसा राहतो.

विद्यापीठाच्या परीक्षा आल्या की काय?

हा प्रश्न प्राचार्य पहिल्या पाच मिनिटांत विचारतात, आणि तो रास्त आहे. १८ टेबलं रांगेत लावली की एका टेबलावर एक असे १८ परीक्षार्थी. दोन वेगवेगळ्या विषयांचे विद्यार्थी एका टेबलाच्या दोन टोकांना बसवायची तुमच्याकडे पद्धत असेल तर ३६. टेबलांवर क्रमांक आधीच कोरून किंवा रंगवून घ्या, नाहीतर प्रत्येक सत्राला चिकटवलेल्या कागदांचे थर साचतात.

ग्रंथालयातली अभ्यासिकाही अशीच मोकळी करावी का?

सगळी नाही. पुण्यात सदाशिव पेठेतल्या खासगी अभ्यासिका जाऊन बघा. स्पर्धा परीक्षेची मुलं एका छोट्या खणात, एक दिवा, एक प्लग, समोर चिकटवलेलं वेळापत्रक आणि पाण्याची बाटली, असे दहा-बारा तास बसतात. त्यांना रोज बदलणारी जागा नको असते. त्यांना आपली जागा हवी असते, जिथे काल ठेवलेलं पुस्तक आज तसंच सापडेल.

म्हणून अभ्यासिकेचे आवाजानुसार तीन भाग करावेत. सगळ्यात आत पूर्ण शांततेचे खण, स्वतःच्या लॉकरसह. मध्ये मोठी टेबलं, कुजबुज चालेल. दाराजवळ किंवा बाहेरच्या व्हरांड्यात गटचर्चा. एका भागातून दुसऱ्यात जाताना कपाटांची एक रांग मध्ये असली तरी आवाज बराच अडतो. पुस्तकं आवाज छान शोषतात. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या रोलेक्स लर्निंग सेंटरमध्ये, २०१०मध्ये उघडलेल्या, सगळी इमारत म्हणजे एकच अखंड दालन आहे, आणि भिंतींऐवजी जमिनीचेच चढउतार भाग पाडतात. आपल्याला टेकड्या करायची गरज नाही, कपाटं योग्य जागी ठेवली तरी पुरे.

कॉरिडॉर आणि जिन्यात मुलं बसलेली असतात. त्यांना उठवायचं की बसू द्यायचं?

बसू द्या, आणि नीट बसायची सोय करा. कट्ट्यावर आणि जिन्यात जेवढं शिकून होतं तेवढं कित्येक वर्गांत होत नाही, हे आपण सगळे अनुभवाने जाणतो. प्रात्यक्षिकाचं जर्नल पूर्ण करणं, व्हायव्हाच्या आधीची उजळणी, सीनियरने ज्युनियरला समजावलेलं गणित, सगळं तिथेच चालतं.

४५० मिलिमीटर उंचीचा कट्टा, तेवढाच खोल, खिडकीच्या कोनाड्यात. वर एक प्लग, एक दिवा. जाण्यायेण्याची वाट आणि आगीच्या वेळी बाहेर पडायचा मार्ग पूर्ण मोकळा राहिलाच पाहिजे, म्हणून मुख्य जिन्यात काहीही ठेवू नका. कट्टा कोनाड्यातच हवा.

कोकणातल्या दमट हवेत कोणतं लाकूड टिकतं?

एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळ्या, रत्नागिरी-सिंधुदुर्गात, गोव्यात किंवा मुंबईतही खिडकीजवळ वापरू नका. कडेची पट्टी सुटली की पावसाळ्यात ते पावासारखं फुगतं. त्याऐवजी आयएस ७१० शिक्क्याचा, म्हणजे पाण्याला दाद न देणारा मरीन प्लाय आणि वर लॅमिनेट घ्या. लोखंडी पायांच्या खालच्या टोकाला पुसण्याच्या पाण्याने गंज चढतो, तिथे प्लॅस्टिकची टोपी हवीच.

खोली झाली, पण प्राध्यापक ती वापरतच नाहीत. मग?

एका कॉलेजात काम संपल्यावर तीन महिन्यांनी मी सहज डोकावलो. टेबलं रांगेत, चाकं लॉक, आणि सगळ्यांची तोंडं फळ्याकडे. राग यायच्या आधी मी एका प्राध्यापिकेला विचारलं. त्या म्हणाल्या, ‘मला बदलायचं असतं हो, पण पुढचा तास दुसऱ्यांचा असतो. परत लावायचं कुणी, आणि आधी कसं होतं ते आठवायचं कुणी?’

त्यांचं खरं होतं. आम्ही खोली दिली होती, सवय दिली नव्हती. मग दोन गोष्टी केल्या. दाराशेजारी चार मांडण्यांचे नकाशे लावले: रांगा, गट, गोल आणि मोकळी. आणि फरशीवर बोटभर रंगीत टिकल्या मारल्या. हिरवी टिकली म्हणजे रांगेतल्या टेबलाच्या पायाची जागा, लाल म्हणजे गटाची. मुलांना सांगितलं, तास संपला की टेबलं हिरव्यावर. पहिल्या दिवशी गोंधळ झाला. दुसऱ्या आठवड्यात तास संपल्याची घंटा वाजताच मुलं न सांगता वाकून टिकल्या शोधताना मी स्वतः पाहिली. वेळ लागला चार मिनिटं. या सगळ्याला खर्च आला तो रंगाच्या दोन डब्यांचा.

प्राध्यापकांवर सक्ती करू नका. ज्यांना उत्साह आहे अशा दोघातिघांना पहिलं सत्र द्या. वेळापत्रकात त्यांच्या तासांना लागून तशाच पद्धतीने शिकवणाऱ्यांचे तास ठेवा, म्हणजे मांडणी रोज मोडावी लागत नाही.

पैसे अगदी कमी आहेत. कोणत्या क्रमाने करावं?

आधी प्लॅटफॉर्म काढा आणि जुनी बाकं दुसरीकडे हलवा. मग छत. मग वायरिंग आणि दिवे, वहीवर ३०० लक्स उजेड पडेल इतके. मग दुसऱ्या भिंतीवर लिहायची सोय. टेबलं पाचवी, खुर्च्या सहाव्या. प्रोजेक्टर, मोठे पडदे आणि कॅमेरे सगळ्यात शेवटी, कारण ते पाच-सात वर्षांत जुने होतात. छत पंचवीस वर्षं राहतं.

जुन्या बाकांचं लाकूड चांगलं असेल तर भंगारात देऊ नका. सागवानी फळ्यांचे कोनाड्यातले कट्टे फार छान होतात. कुणीतरी कोरलेली नावं तशीच राहू द्यावीत.

एक खोली करून बघायची असेल तर काम कधी काढावं?

उन्हाळी परीक्षा संपताच. मे महिन्यात छत आणि वायरिंग, जूनच्या पहिल्या आठवड्यात टेबलं. दार बाहेरच्या बाजूला उघडतं ना, हे तेव्हाच बघून घ्या. आणि फर्निचर जागेवर पक्कं करायच्या आधी पहिला मोठा पाऊस होऊ द्या. छत्तीस ओल्या छत्र्या, रेनकोट आणि निथळणाऱ्या सॅक मुलं कुठे ठेवतात ते त्या दिवशी दारात उभं राहून बघा. पाणी वाहून जाईल असा छत्र्यांचा कोनाडा नेमका तिथेच करा.